चार हजार सातशेचा कंडेन्सर

वणीत कंडेन्सर मिळत नाही असं कुणी म्हणालं, तर तो माणूस वणीचा नव्हे, सप्तशृंगी गडावर दर्शनाला आलेला आणि परतीची बस चुकलेला असावा. आमच्याकडे कंडेन्सर मुबलक. पंख्याचा अडीच, पंख्याचाच तीन-पंधरा, कूलरचा चार, पाण्याच्या मोटारीचा छत्तीस नाहीतर पन्नास, आणि तीच मोटार चालू होताना तिला मागून ढकलणारा शंभर-सव्वाशेचा काळा डबा. आकडा सांगायचीही गरज नाही. ‘पंख्याचा द्या’ म्हटलं की पंख्याचा मिळतो. ‘मोटारीचा द्या’ म्हटलं की दुकानदार फक्त ‘किती एचपी?’ एवढं विचारतो, आणि उत्तर येण्याआधीच हात वर करून फळीवरून काढतो.

याचं कारण द्राक्षं. दिंडोरी तालुक्यात बागेला पाणी वेळेवर द्यावं लागतं आणि वीज तिच्या वेळेवर येते. कधी दिवसा, कधी रात्री. आणि आली तरी तिच्या अंगात जोर असेलच असं नाही. व्होल्टेज पडलं की मोटार जागच्या जागी घुमते आणि घुमता घुमता कंडेन्सरला घेऊन जाते. तीन फेजपैकी एक गायब झाला, तर कंडेन्सर जोडून दोन फेजवर मोटार फिरवणारे तज्ज्ञ आमच्याकडे बांधाबांधावर आहेत. महावितरण शेतकऱ्यांना सांगतं, पंपाला कॅपॅसिटर, म्हणजे कंडेन्सरच, लावा, रोहित्रावरचा भार हलका होईल. शेतकरी लावतो. पण त्याच्या मनात रोहित्र नसतं; नसलेला फेज पैदा करणे हा त्याचा कार्यक्रम असतो. ज्या गावात विजेचा तिसरा फेजसुद्धा असा बदली कामगारावर चालतो, तिथं एका कंडेन्सरच्या जागी दुसरा बसवणं हा प्रश्नच नव्हे, असं आपल्याला वाटतं. मलाही वाटलं होतं.

आता माझी पात्रता. मी उभी नोकरी भौतिकशास्त्र शिकवण्यात घालवली. फळ्यावर दोन समांतर रेघा मारायच्या, एकीला अधिक, दुसरीला उणे, खाली सूत्र, आणि ‘परीक्षेला येतं’ असं बजावायचं. प्रत्यक्ष कंडेन्सर मी हातात धरलेला नव्हता, कारण तो परीक्षेला येत नाही. निवृत्तीनंतर शेजारच्या आजींचा ट्रान्झिस्टर बंद पडला, तेव्हा मी आतले फुटलेले सेल काढून, गंजलेली पट्टी खरवडून नवे सेल घातले. ट्रान्झिस्टर बोलू लागला. त्या दिवसापासून मी वणीतला इलेक्ट्रॉनिक्सचा अधिकारी माणूस झालो. आजींनी ही बातमी कुठवर नेली कोण जाणे, पण आठवड्याभरात एक गृहस्थ थेट चांदवडच्या बाजूनं टीव्ही घेऊन आले होते.

भजनी मंडळाचा अँप्लिफायर, म्हणजे अँप, माझ्याकडे आला तो या कीर्तीमुळं. नवरात्र तोंडावर होतं. नाशिककडून दिंडोरीमार्गे पायी गडावर निघालेली माणसं आमच्या रस्त्यानं जातात. त्यांच्यासाठी मंडळ पाणपोई लावतं आणि मांडवात भजन करतं. अध्यक्ष तात्या आणि तबलजी असे दोघं मिळून तो लोखंडी पेटारा घेऊन आले.

“सर, हा हुंकार देतोय,” तात्या म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे आपण काही गाण्याच्या आधीच हा ‘हूं’ म्हणतो. गाणं संपलं तरी म्हणत राहतो. आधी बारीक म्हणायचा. आता भजन गाणाऱ्या बुवांपेक्षा मोठ्यानं म्हणतो.”

झाकण काढलं. आत फिल्टरचे दोन कंडेन्सर शेजारीशेजारी उभे होते आणि दोघांचेही माथे फुगले होते. अशा कंडेन्सरच्या डोक्यावर कारखान्यातच फुलीसारखी खाच पाडलेली असते. आतला द्रव तापून त्याचा वायू झाला तर डबा बॉम्बसारखा फुटू नये, खाचेवर सभ्यपणे उकलावा, अशी सोय. इथं दोन्ही उकलायच्या बेतात होते. अंगावर छापलं होतं: 4700 मायक्रोफॅरड, 63 व्होल्ट.

तात्यांना समजावून सांगणं भाग होतं. मी शेततळ्याचा आधार घेतला, कारण त्यांचं स्वतःचं आहे. म्हटलं, वीज येते ती सलग येत नाही, उसळ्या घेत येते. आपल्याकडे सेकंदाला पन्नास आवर्तनं. डायोड उलट्या उसळीला सुलटी करतो, म्हणजे सेकंदाला शंभर उसळ्या झाल्या. हा कंडेन्सर म्हणजे मधलं शेततळं. उसळी आली की भरून घ्यायचं आणि मधल्या वेळात खाली ठिबकला सारख्या दाबानं सोडायचं. तळं गाळानं भरलं की उसळ्या थेट ठिबकमध्ये शिरतात. तोच तुमचा हूं. मायक्रोफॅरड म्हणजे तळ्यात मावतं किती, आणि व्होल्ट म्हणजे बांध किती उंच. बांध जास्त उंच असला तर चालतो. कमी असला की फुटतो.

“समजलं,” तात्या म्हणाले. “मग हा नवा केवढ्याला?”

मी कंडेन्सरकडे बघतच होतो. म्हटलं, “चार हजार सातशे.”

तात्या उठून उभे राहिले. “एवढ्यात नवा अँप येतो, सर!”

तो गैरसमज दूर व्हायला चहा संपला. तोवर तबलजीनं बाहेर जाऊन मंडळाच्या चार सभासदांना ‘सरांनी चार हजार सातशे सांगितले’ असं कळवलंही होतं, आणि त्यातले दोघं माझ्याविषयी वेगळं बोलू लागले होते. ते दुरुस्त व्हायला पुढची एकादशी उजाडली.

पेठेतल्या दुकानात मी चिठ्ठी दाखवली. दुकानदारानं ती लांब धरून वाचली, जवळ धरून वाचली आणि उलटी करून पाहिली.

“मोटारीचा देऊ का?”

“अहो, अँपला पाहिजे.”

“तेच. हा बघा, शंभरचा. वर दोनशे पंचाहत्तर व्होल्ट लिहिलंय. तुमचा त्रेसष्टचा. व्होल्ट जास्तच आहेत की!”

“पण मायक्रोफॅरड? चार हजार सातशे पाहिजेत, हे शंभर आहेत.”

“हां, ते थोडे कमी पडतात,” तो म्हणाला, आणि फार मोठी सवलत देत असल्यासारखा पुढं म्हणाला, “दोन लावा मग.”

मी शिक्षकी पेशाला जागून हिशेब मांडला: दोन नाही, सत्तेचाळीस लावावे लागतील, आणि अँप ट्रॅक्टरवर न्यावा लागेल. त्यानं सत्तेचाळीस या आकड्याचा जरा वेळ गंभीरपणे विचार केला. त्याच्याकडे तेवढे होते.

त्याचा पोरगा मात्र हुशार. आतल्या खणातून त्यानं डाळीएवढा एक चपटा तांबडा मणी काढला. त्यावर छापलं होतं 104. “हा बघा सर, हा अँपमधलाच आहे. एकशे चार.” मी सांगितलं की बाळा, ते एकशे चार नव्हेत. दहाच्या पुढं चार शून्यं, पिकोफॅरड, म्हणजे एका मायक्रोफॅरडचा दहावा भाग. पोरानं विचारलं, “मग शून्य दशांश एक लिहायला काय होतं?” या प्रश्नाचं उत्तर मला नोकरीतही देता आलं नसतं.

जाता जाता मी आणखी एक घोटाळा करून घेतला. फॅरड हे माप किती मोठं, हे सांगण्याच्या भरात म्हणालो, मायकेल फॅरडेच्या नावाचं अख्खं एक फॅरड सहसा कुणाला लागत नाही. आपल्याला लागतो तो फक्त शून्य दशांश शून्य शून्य चार सात. तात्या मागे उभे होते. “एवढंच?” ते म्हणाले. “शून्य शून्य चार सात? एवढंसं कमी आहे म्हणून मंडळ अडलंय? नसलं तर नसलं!”

यानंतर सल्ले सुरू झाले. आपल्याकडे आजारी माणसाला आणि बिघडलेल्या यंत्राला बघायला येणारी माणसं तीच असतात आणि दोघांनाही औषध सांगतात. एक जण म्हणाला, काढूनच टाका, फिल्टरशिवाय आवाज मोकळा येतो. दुसऱ्याच्या मते दोष कंडेन्सरचा नव्हताच, अर्थिंगचा होता. त्यानं खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालायला सांगितला. आमच्या मेव्हण्यांनी पंख्याचा दाखला दिला: “मी अडीचच्या जागी तीन-पंधरा टाकला, पंखा कसला सुटलाय!” हा पंथ आमच्याकडे फार मोठा आहे. त्याचे अनुयायी कूलरचा चारसुद्धा पंख्याला लावतात. पंख्याचं वेटोळं हळूहळू तापतं, एक दिवस वास येतो आणि मग ‘हल्ली कंपन्या माल हलका काढतात’ असा निष्कर्ष निघतो. मेव्हण्यांच्या पंख्याखाली बसलं की हातातलं वर्तमानपत्र उडतं. त्यांना वर्तमानपत्र वाचायचं नसतं, वारं खायचं असतं, त्यामुळं त्यांची तक्रार नाही.

मुंबईला लॅमिंग्टन रोडवर सगळं मिळतं, असं एकानं सांगितलं. दुसरा म्हणाला, पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळ. हे ऐकल्यावर बुवा पहिल्यांदाच चर्चेत पडले. “विठोबाशेजारी मिळतो? मग तिथलाच आणा. गुण येईल.”

पण पुणंमुंबई कशाला? खरी गंमत अशी की नाशिक आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर, आणि तिथल्या औद्योगिक वसाहतीत कंडेन्सरच बनतात. अल्कॉन आहे, पूर्वी एपकॉस म्हणायचे ती टीडीके आहे. इथला माल देशोदेशी जातो. कुठल्यातरी देशातला कुणीतरी रसिक आपल्या दिवाणखान्यातल्या अँपला नाशिकचा कंडेन्सर लावून डोळे मिटून व्हायोलिन ऐकत असेल. आमच्या तालुक्याला याचं वाईट वाटत नाही. चांगली द्राक्षं युरोपला जातात आणि मणी गळालेले घड आम्ही खातो, ही सवय जुनीच आहे.

नाशिकला गेलो. गल्लीतलं दुकान हातरुमालाएवढं आणि आत छतापर्यंत खण. गल्ल्यावरच्या मुलानं माझ्याकडे न बघता सांगितलं, “सत्तेचाळीसशे त्रेसष्ट नाही. तेहतीसशे आहे. दहा हजार आहे. बावीसशे आहे.”

इथं वाचकांना एक सांगितलं पाहिजे. कंडेन्सरच्या दुनियेत पाच हजार असा सरळ आकडा सहसा भेटत नाही. दहा, पंधरा, बावीस, तेहतीस, सत्तेचाळीस, अडुसष्ट आणि परत शंभर, अशी पायरी ठरलेली आहे. प्रत्येक पायरी आधीच्या दीडपटीच्या आसपास, कारण मालात वीस टक्के इकडंतिकडं धरलेलंच असतं. अंगावर 4700 छापलेल्यात प्रत्यक्ष 3760 निघाले तरी कारखाना मान वर करून चालतो. एवढी ढिलाई पदरात असूनही दुकानात नेमकी आपलीच पायरी तुटलेली असते.

“दहा हजारचा न्या काका,” मुलगा म्हणाला. “अजून स्वच्छ आवाज.”

हे तळं मोठं, पण चालू करताच ते रिकामं असतं आणि एकदम सगळी वीज ओढतं. फ्यूज उडतो, नाहीतर डायोड बसतात. ते मी बोललो. त्यानं मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्याला माझी कीव आली. “मग दहा हजार पस्तीस व्होल्टचे दोन सिरीजमध्ये घ्या. पाच हजार सत्तर होतील.”

मी आनंदानं थक्क झालो. फळ्यावर आयुष्यभर शिकवलेलं सूत्र या पोराच्या तोंडी आपसूक आलं होतं. एकामागं एक जोडले की व्होल्ट दुप्पट, माप निम्मं! मी त्याला तिथंच शाबासकी दिली, प्रत्येकाला समतोलासाठी एकेक रेझिस्टर समांतर लावावा लागेल हेही सांगितलं, आणि खिशातल्या कागदावर आकृती काढू लागलो. मागं रांग झाली होती. रांगेतला एक जण म्हणाला, “काका, तुम्ही क्लास घेता का?” मला मान्य करावं लागलं की आता घेत नाही.

तेवढ्यात मुलानं ते चार डबे गल्ल्यावर मांडले. ते चार मिळून आमच्या अँपपेक्षा उंच नसले तरी रुंद निश्चित होते.

दुसऱ्या दुकानात 4700 मिळाला. आकार जुन्याएवढाच, वजनाला भरदार, किंमत निम्मी. मला संशय यायला हवा होता असं आता सगळेच म्हणतात. खरं तर हल्लीचे कंडेन्सर जुन्यांपेक्षा लहान झालेत. तेवढंच माप निम्म्या डब्यात मावतं. पण गिऱ्हाईक लहान डबा बघितला की म्हणतं, ‘जुना केवढा होता, हा एवढासा!’ वजनावर माल घेणाऱ्यांसाठी मग बाजारानं सोय काढली: मोठ्या डब्यात लहान कंडेन्सर घालायचा आणि मधली जागा काहीतरी भरून टाकायची. तात्यांनी तो हातात घेऊन तोलला आणि ‘हा खरा माल’ म्हणाले. मीटरवर त्यानं नऊशे दाखवले. उत्सुकतेपोटी कापला, तर मोठ्या डब्याच्या पोटात छोटा डबा, त्याच्या अंगावर छापलेलं 1000. तबलजी म्हणाला, “सर, हा तर आपला मागचा सरपंच!” ही टीका मी नोंदवून ठेवतो, समर्थन करत नाही.

अशा गोष्टी फक्त आपल्याकडेच घडतात असं मानायचं कारण नाही. 2000 सालाच्या आगेमागे काही वर्षं जगभरच्या संगणकांचे कंडेन्सर असेच माथा फुगवून मेले. आतल्या द्रवाची कृती कुणीतरी चोरली, पण अर्धीच चोरली, अशी तेव्हा मोठी चर्चा होती. चोरीसुद्धा नीट पूर्ण करत नाहीत, यात वणी आणि उरलेलं जग यांत फरक नाही.

मग मंडळातल्या एका तरुणानं मोबाइलवरून मागवायचं ठरवलं. तीन दिवसांत येईल असं त्यात लिहून आलं. चौथ्या दिवशी मला फोन आला.

“सर, तुमचं पार्सल हाय. दारापाशी उभा हाव.”

मी दार उघडलं. दारात कुणी नव्हतं.

“कुठं उभे आहात?”

“बस स्टँडच्या मागं.”

“मी पण बस स्टँडच्या मागंच राहतो. असं करा, गडाकडे तोंड करून उभे राहा, डाव्या हाताला...”

“कोन्ता गड जी?”

“सप्तशृंगीचा! समोर डोंगर दिसतोय ना?”

पलीकडे थोडी शांतता. “सर, हितं डोंगर नाही जी. कोळशाच्या खानी हायेत.”

आमच्या नावाची दुसरी वणी यवतमाळ जिल्ह्यात आहे. पत्ता लिहिणाऱ्या तरुणानं राज्य, तालुका, मंडळाचं नाव, ‘जय जगदंब’ वगैरे सगळं लिहिलं होतं. पिन कोडच्या जागी काय लिहिलं हे त्याला आठवत नव्हतं. त्या वणीचा माणूस मोठा सज्जन. म्हणाला, “परत पाठवतो, काळजी नका करू. पन या पुडक्यात हाय काय?” मी म्हटलं, कंडेन्सर. “पंख्याचा?” त्यानं विचारलं.

नवरात्राला आठवडा उरला. इकडं मंडळाच्या आयटीआय झालेल्या एका सभासदाला धीर निघेना. त्यानं भंगारातल्या कुठल्यातरी यंत्रातून दोन डबे मिळवले आणि मी दुपारी झोपलेलो असताना, मंडळाच्या हितासाठी, ते स्वतःच बसवले. बसवले चांगले. पण कंडेन्सरला अधिक-उणे असतं आणि अंगावर उणेची पांढरी पट्टी असते. यानं ती पट्टी शोभेची समजून दोन्ही पट्ट्या समोरून नीट दिसतील अशा लावल्या. संध्याकाळी हरिपाठाला अँप सुरू झाला. आधी हूं आला नाही म्हणून सगळ्यांनी एकमेकांकडे कौतुकानं पाहिलं. मग पेटाऱ्यात काहीतरी शिटी मारल्यासारखं झालं, आणि पाठोपाठ असा आवाज झाला की विण्याची तार तुटली. मांडवभर पांढरा धूर, चंदेरी पातळ कागदाच्या चिंध्या, आणि सडलेल्या माशासारखा वास. ओसरीवरून एक आजी विचारत होत्या, “दिवाळी कधी आली गं?” हरिपाठ मात्र थांबला नाही. बुवा म्हणाले, विघ्नं येणारच.

मी त्यांना बेंजामिन फ्रँकलिनची हकिगत सांगून दिलासा दिला. लायडनमध्ये 1746 च्या सुमारास जगातल्या पहिल्या काही कंडेन्सरांपैकी एक तयार झाला, काचेच्या बरणीत. आणि चारच वर्षांत, 1750 च्या नाताळात, फ्रँकलिन अशाच दोन मोठ्या बरण्यांनी विजेच्या झटक्यात टर्की कोंबडा मारून दाखवायला निघाला. झटका त्यालाच बसला. कोंबडा वाचला. “मग या कोंबड्यानं पुढं काय केलं?” तबलजीनं विचारलं. विज्ञानाच्या इतिहासात याची नोंद नाही.

शेवटी जे केलं ते सर्वांत सोपं होतं आणि म्हणूनच कुणाला सुचलं नव्हतं, म्हणजे मला. बावीसशेचे चार आणले, 63 व्होल्टचेच, 105 अंश लिहिलेले, ओळखीच्या कंपनीचे. दोन दोन शेजारीशेजारी जोडले. समांतर जोडले की माप मिळवलं जातं: चव्वेचाळीसशे. वीस टक्क्यांच्या ढिलाईत बसतंय. डाग देताना एका हातात कैय्या, दुसऱ्यात शिसं, तिसरा कंडेन्सर धरायला, चौथा वायर दाबायला, पाचवा चष्मा वर सरकवायला. तबलजी बाजूला बसून म्हणाला, “देवीला अठरा हात का आहेत ते आज कळलं.” हात जोडून म्हणाला, म्हणून मी काही बोललो नाही.

चारही डबे आत उभे राहिले, पण झाकण बसेना. कोपऱ्यातला एक डबा पाव इंच उंच. झाकणाला गोल भोक पाडलं. आता त्या भोकातून कंडेन्सरचा माथा बाहेर डोकावतो. मंडळानं त्यावर हळदकुंकू वाहिलं आहे. ते विद्युतदृष्ट्या निरुपद्रवी आहे, एवढंच मी पाहिलं.

अँप चालू केला. हूं नाही. कानाला स्पीकर लावला तरी नाही. तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बुवांनी डोळे मिटले, आ लावला, आणि भजन पहिल्याच ओळीत घसरलं. पुन्हा लावला, वर गेला. पुन्हा लावला, तबल्याशी जुळेना. पेटीवाला चकित, टाळकरी थांबलेले. बुवांनी डोळे उघडून पेटाऱ्याकडे पाहिलं.

“सर, यातला सूर कुठं गेला?”

माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. सेकंदाला शंभर उसळ्यांचा हुंकार म्हणजे सूर लावला तर पांढरी पाचच्या जरासा वर येतो. बुवा गेली कैक वर्षं त्या हुंकारावर आ लावत होते. तंबोऱ्याची तार म्हणा, श्रुतिपेटी म्हणा, महावितरणनं पाठवलेला खर्ज म्हणा, त्यावरच त्यांचं गाणं उभं होतं. अँप बिघडत गेला तसा सूर भरत गेला होता, आणि गावात सगळे म्हणत होते, बुवा म्हातारपणी काय रंगलेत!

“तेवढा परत घालता येईल का?” बुवांनी विचारलं. “फार नको. अगदी बारीक.”

मंडळाची बैठक झाली. दोन तट पडले. तरुणांना स्वच्छ आवाज हवा होता, जुन्यांना हुंकार. तात्यांनी मध्यम मार्ग सुचवला: चारातला एक कंडेन्सर काढून टाकावा, निम्मा हूं येईल. हा तोडगा तांत्रिकदृष्ट्या इतका बिनचूक निघाला की मी हादरलो. सध्या अँप तीन कंडेन्सरांवर चालू आहे. नवरात्र पार पडलं, कोजागिरीच्या कावडी गेल्या, बुवा पांढरी पाचवर ठाम आहेत.

यवतमाळच्या वणीचं पुडकं परवा आलं. आत 4700 मायक्रोफॅरड, 63 व्होल्टचे दोन कंडेन्सर, अस्सल, मापात चोख, झाकणाखाली बसतील असे. आता ते कुणालाच नको आहेत. मी ते पिशवीत घालून पेठेतून चाललो होतो, तर इलेक्ट्रिकच्या दुकानदारानं हाक मारली.

“सर, मिळाले म्हणे? बघू.” त्यानं एक हातात घेऊन उजेडाकडे धरला. “मला देता का? एक गिऱ्हाईक सकाळपासून अडून बसलंय. पंख्याचा संपलाय माझ्याकडचा.”

“अहो, पंख्याला अडीच लागतो! हा चार हजार सातशे आहे.”

“म्हणजे कमी तर पडणार नाही ना?” तो म्हणाला, आणि आत वळून पोराला पक्कड आणायला सांगितली.